न बोललेला नवस

आमच्या गावात धडधाकट माणूस पायी चालताना किंवा सायकल मारताना दिसला, की त्याला दोनच कारणं असू शकतात. एक तर त्याची गाडी गॅरेजला पडलेली असते, नाहीतर त्याला नवस असतो. तिसरं कारण लोकांना सुचत नाही आणि सांगितलं तर पटत नाही. मी चार वर्षं सायकलने कॉलेजला गेले. सुरुवातीला लोकांनी गाडीची चौकशी केली. "मॅडम, स्कुटी कुठं गेली? आजून दुरुस्त व्हईना का?" मग चौकशी थांबली. मला वाटलं, चला, झाली एकदाची सवय. सवय वगैरे काही झाली नव्हती. त्यांचं आपसात ठरलं होतं, की बाईला नवस आहे.

मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. गाव तालुक्याचं आहे. म्हणजे खेडंही नाही आणि शहरही नाही, पण दोन्हीकडचं नको ते सगळं आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत चाललं तरी अर्धा तास फार झाला. एवढ्याशा गावात कोथिंबिरीची जुडी आणायला माणूस चारचाकी काढतो. पहाटे फिरायला जाणारी मंडळी मैदानापर्यंत गाडीने जातात, मैदानाला चकरा मारतात आणि गाडीने घरी येतात. डॉक्टरने चालायला सांगितलंय ते मैदानात, रस्त्यावर कुठे सांगितलंय? मी हे एकदा स्टाफरूममध्ये बोलून दाखवलं, तर एक सर अगदी मनापासून म्हणाले, "रस्त्यानं चाललं तर लोकं काय म्हणतील मॅडम?"

गावातून जाणारा रस्ता पूर्वी साधा डांबरी होता आणि दोन्ही बाजूंना लिंबाची झाडं होती. मग तो सिमेंटचा झाला, रुंद झाला आणि मधोमध दुभाजक आला. झाडं तोडली तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही, मीही नाही. मी त्या वेळी बारावीचे पेपर तपासण्यात बुडालेली होते. आता आमची कॉलनी रस्त्याच्या एका अंगाला आणि कॉलेज दुसऱ्या अंगाला आहे. कॉलेजची कमान आमच्या गल्लीच्या तोंडावरून दिसते, पण दुभाजकाला फट आहे ती पार पेट्रोल पंपापाशी. नालीवर फरश्या टाकून फुटपाथ केलाय. त्यावर मोटारसायकली लावलेल्या असतात. मोटारसायकली नसतील तिथे भेळेचा गाडा असतो, आणि दोन्ही नसेल तिथे फरशीच नसते.

स्कुटी बिघडली तेव्हा मी नवी घेतली नाही, त्याला कारण माझाच विषय. वर्गात मी तापमानवाढ शिकवायची, फळ्यावर आलेख काढायची, पोरांना दम देऊन प्रश्न विचारायची. आणि तास संपला की स्कुटीला किक मारून त्या एवढ्याशा अंतरावर घरी यायची. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापायचं, की आंघोळीसाठी रात्रीच बादली भरून ठेवावी लागे. शिकवताना हळूहळू माझी जीभ जड व्हायला लागली. आपण बोलतो त्यातलं निदान एक तरी करावं, एवढाच माझा विचार होता. मला कुणाला सुधारायचं नव्हतं. हे मी अनेकांना सांगितलं आणि कुणीच त्यावर विश्वास ठेवला नाही, कारण आमच्याकडे बाई काही वेगळं करायला लागली की ती दुसऱ्याला शिकवायला निघालीय असंच धरून चालतात.

सायकल मिळवणं हीच एक कसरत होती. गावात सायकलची दुकानं होती ती मोटारसायकलच्या स्पेअरपार्टची झाली. एकाच दुकानात सायकली होत्या, त्याही लहान पोरांच्या, बाजूला दोन चिमुकली चाकं लावलेल्या. शेवटी जालन्याहून आणली. ती बसच्या टपावर टाकायला कंडक्टर तयार होईना, म्हणून टेम्पोतून आणली. पहिल्यांदा ब्रेक बिघडला तेव्हा पुन्हा टेम्पोत घालूनच जालन्याला न्यावी लागली. डिझेल जाळून सायकल दुरुस्त करून आणताना मला माझंच हसू आलं होतं. तेव्हा हसू येत होतं. नंतर नंतर तेही येईनासं झालं.

शाळेतल्या मुलींना सरकार सायकली देतं, त्यामुळे भाजीवाल्या बाईने विचारलं, "लेकीची हाय का मॅडम?" तिच्याकडे मी कापडी पिशवी घेऊन जायची. ती आधी भाजी पॉलिथिनच्या पिशवीत घालायची आणि मग ती पिशवी माझ्या कापडी पिशवीत अलगद ठेवायची. ओली भाजी होती, माझी चांगली पिशवी खराब होऊ नये म्हणून. तिच्या मायेपुढे मी काय बोलणार? कॉलेजात मी पर्यावरण समितीची प्रमुख होते, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. समितीच्या बैठकीत ठरलं, की जागृतीसाठी रॅली काढायची. मी म्हटलं, सायकल रॅली काढू. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि रॅली निघाली ती मोटारसायकलींची. कॉलेजच्या पोरांकडे सायकली कुठून असणार? हिरवे झेंडे लावून पोरं हॉर्न वाजवत गावभर हिंडली. फार यशस्वी झाली म्हणून माझा सत्कारही झाला, थर्मोकोलच्या प्लेटमध्ये पोहे देऊन.

सगळ्यात दमवणारी गोष्ट होती लिफ्ट. आमच्याकडे ओळखीच्या माणसाला रस्त्यात टाकून पुढे जाणं म्हणजे त्याचा अपमान. आणि त्याने बोलावल्यावर न बसणं म्हणजे आपण त्याचा केलेला अपमान. मी फटीपर्यंत सायकल हातात धरून चालायला लागले, की कुणी ना कुणी थांबायचंच. काच खाली यायची, आतली गार हवा बाहेर यायची. "बसा मॅडम." मी सायकल दाखवायची. "ती ऱ्हाऊ द्या हितंच, पोऱ्या आणून टाकील." नाही म्हटलं की चेहरा पडायचा. मग मी थांबून घरच्या सगळ्यांची विचारपूस करायची, ताईंच्या गुडघ्याचं काय झालं ते विचारायची, म्हणजे नकाराची कड थोडी बोथट व्हावी. मागे हॉर्न वाजत असायचे. सायकलीने मी कधीच थकले नाही. लोकांना बरं वाटावं म्हणून जे करावं लागलं, त्याने थकले.

नवसाची बातमी मला शेजारच्या काकूंकडून कळली. काकूंच्या घरचं बियाण्याचं दुकान आहे आणि दारात भलीमोठी पांढरी गाडी आहे. काकू मनाने लोणी. एका दुपारी मी घामाघूम होऊन आले तर त्या ताकाचा तांब्या घेऊन फाटकापाशी उभ्या होत्या.

"मॅडम, उद्यापन कधी धरलंय?" त्यांनी विचारलं.

"कशाचं उद्यापन काकू?"

"ऱ्हाऊ द्या, सांगू नका. नवस सांगितला की फळ जातं. आमी काय परके हाव का, समदं समजतंय आम्हाला."

मी ताक बाजूला ठेवून त्यांना सगळं समजावून सांगितलं. धूर, उन्हाळे, पाण्याचे टँकर, तोडलेली लिंबं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते हसू मला अजून दिसतं. किती छान झाकते ही बाई, असं ते हसू होतं. मी जितकं नाही म्हणत गेले तितका नवस पक्का होत गेला.

त्यांची चूक म्हणावी तर तसंही नाही. तारखा जुळत होत्या. त्याच उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांना हृदयाचा झटका आला होता. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा मूळचे कुंभार पिंपळगावजवळच्या एका खेड्यातले. सासूबाई गेल्यावर शेत बटईने लावून ते आमच्याकडे राहायला आले. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काही खरं नाही म्हणून सांगितलं होतं. नातेवाईक येऊन बघून गेले, बायकांनी पदर डोळ्याला लावले. आणि मामा उठून बसले, घरी आले. त्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात माझी सायकल रस्त्यावर दिसली. कार्यकारण जुळवायला गावाला एवढं पुरे होतं.

मला राग कशाचा आला असेल तर तो या गोष्टीचा, की नवसाचं ठरल्यावर माझं आयुष्य सोपं झालं. खरं कारण सांगत होते तोवर लोक हसत होते. आता काळी-पिवळी जीपवाले फटीपाशी गाडी थांबवून मला वाट द्यायला लागले. किराणा दुकानदार नोकराला म्हणायचा, "बाईंना आधी सोड." लिफ्टवाल्यांनीही थांबणं सोडलं, नवस मोडायचं पाप कोण घेणार? पृथ्वीसाठी सायकल मारणारी बाई चक्रम आणि सासऱ्यासाठी मारणारी बाई देवी. मी घरी येऊन नवऱ्यावर चिडायची. नवरा पंचायत समितीत आहे, मोटारसायकलवर जातो. तो म्हणायचा, "लोक ताक देतायत ना? मग पी."

त्यालाही चारचाकी हवी होती, फार आधीपासून. "तुझ्या भूगोलापायी मी उन्हात मरतोय," असं तो हसत हसत म्हणायचा, पण ते हसणं दर वर्षी थोडं कमी होत होतं. लग्नाला जायचं तर कुणाच्या तरी गाडीत मागे दाटीवाटीने बसायचं. मामांना तपासणीसाठी जालन्याला न्यायचं तर बसमधून नेणं शक्य नव्हतं. मग काकूंची गाडी. आम्हाला सोडायला ती जायची, दुकानाच्या कामासाठी परत यायची आणि संध्याकाळी आम्हाला आणायला पुन्हा जायची. मी गाडी न घेऊन वाचवत काय होते? आमची एक गाडी नव्हती म्हणून शेजारची दुप्पट पळत होती. हा हिशोब मलाही कळत होता. पण एवढं तरी आपल्या हातात राहू दे, असं वाटायचं. हट्ट होता म्हणा. आपण ज्याला तत्त्व म्हणतो त्यात हट्टाचा वाटा बराच असतो, आणि हट्ट नसता तर पहिल्या उन्हाळ्यातच सगळं संपलं असतं.

घरात माझ्या बाजूचं एकच माणूस आहे असं मला वाटायचं, ते म्हणजे मामा. मामा बोलायला फार कमी. पण रोज सकाळी मी तयार होऊन बाहेर यायच्या आत त्यांनी सायकल फडक्याने पुसून ठेवलेली असायची. चाकं अंगठ्याने दाबून बघायचे, हवा कमी वाटली तर स्वतः पंप मारायचे. डॉक्टरांनी जोराचं काम करू नका म्हणून बजावलं होतं. मी ओरडायची, ते ऐकायचे नाहीत. आयुष्यभर आठवडी बाजाराला पायी गेलेला माणूस, मला वाटलं, याला कळतंय मी काय करतेय ते. दुपारी मी येईपर्यंत ते ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असायचे आणि मी आल्याशिवाय ताटावर बसायचे नाहीत. त्याचाही अर्थ मी माझ्या सोयीने लावला होता. म्हाताऱ्या माणसाला एकट्याने जेवणं जड जातं, दुसरं काय?

चौथा उन्हाळा वाईट होता. मार्चमध्येच रस्त्यावरून वाफा यायला लागल्या होत्या. एप्रिलमध्ये पेपर तपासायचं काम चाललं होतं आणि दुपारी परतायला उशीर व्हायचा. त्या दिवशी मी पेट्रोल पंपाच्या फटीतून वळले, तेवढ्यात डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. सायकल कशीतरी टायरच्या दुकानापर्यंत आणली आणि तिथल्या सावलीत एका टायरवर बसले. टायरवाल्याने डोक्यावर पाणी ओतलं. एखादं लिंब उभं असतं तर मी त्याखाली थांबले असते, असं मनात आलं ते आठवतं. बाकी फारसं आठवत नाही. कुणीतरी काकूंना फोन केला आणि त्यांच्या गाडीतून मी घरी आले.

मामा फाटकात उभे होते. मला धरून आत नेलं. कांदा फोडून माझ्या नाकाशी धरला, काकूंना पन्हं करायला लावलं. नंतर एवढंच विचारलं, "सायकल कुठं हाय?"

"टायरवाल्याकडे ठेवलीय मामा. उद्या आणते."

"ऱ्हाऊ दे तिथंच," ते म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

दोन दिवसांनी शनिवार होता. मला सुट्टी होती, उशिरा उठले. मामा घरात नव्हते. ओट्यावर नव्हते, मागे नळापाशी नव्हते. काकूंच्या दारातली गाडीही नव्हती. नवऱ्याने घाबरून काकूंच्या मिस्टरांना, काकांना फोन लावला. "आम्ही जांबला आलोत," काका म्हणाले. "मामा सोबत हायेत, बिलकुल काळजी करू नका. दर्शन करून येतोत." जांब समर्थचं राममंदिर मामांच्या गावापासून लांब नाही. लहानपणापासून त्यांचं येणंजाणं तिथलं. शनिवार आहे, म्हाताऱ्याला देवाची आठवण झाली असेल, असं म्हणून आम्ही निर्धास्त झालो. मला तर बरंच वाटलं, की कुणाबरोबर का होईना बाहेर पडले.

ऐन उन्हात, जेवणं आटोपायच्या वेळेला ते परत आले. काकांनी दार उघडून धरलं होतं आणि मामा उतरत नव्हते. आधी त्यांनी एक पाय बाहेर टेकवला आणि लगेच वर घेतला. पाय उघडे होते. चपला मांडीवर होत्या, प्रसादाच्या पिशवीत खोचलेल्या.

नवऱ्याने आणि काकांनी त्यांना दोन्हीकडून धरून पलंगावर आणलं. काकू माझ्याशी बोलताना नजर चुकवत होत्या. "फाट्यावर गाडी थांबवा म्हन्ले. आम्हाला वाटलं, लघवीला उतरत असतील. तर चपला काढून चालायलाच लागले की. आमी लई समजावलं, मामा, तुमचं काळीज कसं हाय, ऊन कसं हाय. तर म्हन्ले, तिचं जे ऱ्हायलं असल ते मी चालतो. आमी तरी काय करावं? नवसात कुणी आडवं यावं का? गाडी हळूहळू त्यांच्या मागं मागं घेतली."

तापलेल्या डांबरी रस्त्यावरून अनवाणी चालणारा म्हातारा आणि त्याच्या मागे, माणसाच्या चालीने, एसी लावून येणारी ती पांढरी गाडी. हे चित्र मी पाहिलं नाही, पण डोळ्यांपुढून जात नाही. काकू घरी गेल्या. जाताना माझ्या हातावर प्रसाद ठेवून म्हणाल्या, "मोकळ्या झालात मॅडम."

मामांच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते, टाचेपाशी एक फुटलाही होता. उन्हाने पाय पोळले की आमच्याकडे तूप लावून काशाची वाटी फिरवतात, पण फोडांवर वाटी फिरवता येणार नव्हती. मी गच्चीवर जाऊन कुंडीतली कोरफड कापून आणली आणि तिचा गर त्यांच्या तळव्यांना लावत बसले. सून सासऱ्याच्या पायाला हात लावते तो सणावाराला, वाकून. एवढा वेळ मी त्यांचे पाय कधी धरले नव्हते. मामा अवघडून छताकडे बघत होते. मग छताकडे बघतच बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"बाई, तू कबूल करणार न्हाईस, मला ठावं हाय. नवस बोलून दाखवायचा नसतोच. पण मी काय येडा हाय का? मी दवाखान्यातून आलो अन् दुसऱ्याच हप्त्याला तू सायकल काढली. घरात मोटारसायकल हाय, गाडी घ्यायची ऐपत हाय, अन् तू उन्हातान्हात पाय मारून राह्यली. कशापायी? ह्या म्हाताऱ्या कुडीपायी. रोज सकाळी सायकल पुसायचो अन् मनात म्हणायचो, हिचे पाय दुखतेत ते माझ्या जिवापायी दुखतेत. तू घरी येईपर्यंत घास गिळवत नव्हता. परवा तुला उचलून आणलं तवा वाटलं, आता बस. माझं जगून झालंय."

मी कोरफडीचा दुसरा तुकडा सोलायला घेतला.

"रामाला म्हन्लं," मामा पुढे म्हणाले, "हिनं किती वर्साचं बोललंय ते मला म्हाईत न्हाई. जे बाकी हाय ते माझ्याकडून घे अन् हिला मोकळी कर."

नवरा दारात उभा होता. मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले तसा तो मागे आला. हळू आवाजात म्हणाला, "सांगून टाक ना त्यांना. असं काही नव्हतं म्हणून."

"तू सांग," मी म्हणाले.

तो ओट्याला टेकून उभा राहिला, बाहेर गेला नाही. काय सांगणार होतो आम्ही? की मामा, तुम्ही ज्याच्यासाठी पाय भाजून घेतलेत ते कुणी बोललंच नव्हतं. की चार वर्षं तुम्ही जे ओझं वाहिलंत ते कुणी तुमच्या डोक्यावर ठेवलंच नव्हतं. की तुमची सून तुमच्यासाठी नव्हे, हवेसाठी सायकल मारत होती. हे ऐकून त्यांनी नुसती मान हलवली असती. आणि त्या दिवसापासून आपण कुणाच्या लेखी काय आहोत, याचा विचार करत ओट्यावर बसले असते. मला हेही कळत होतं, की मी उद्या पुन्हा सायकलवर बसले तर त्यांना एकच अर्थ लागेल. नवस अजून फिटला नाही.

मी पाण्याचा तांब्या घेऊन परत गेले. मामा माझी वाटच बघत होते. कोपरावर रेलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सासरा सुनेकडे असा सरळ बघत नाही.

"एवढंच सांग बाई. दुसरं काय विचारत न्हाई. माझ्याकडून कमी तर न्हाई पडलं? पडलं असल तर पुढच्या शनवारी पुन्हा जातो. देवाचं आर्धं ठेवू नये."

त्यांचे उघडे तळवे चादरीवर दिसत होते, कोरफडीने चकाकत होते. ते खरंच जाणार होते. या पायांनी जाणार होते.

"झालं मामा," मी म्हणाले. "पुरतं झालं. तेवढंच बाकी होतं."

"बराबर?"

"बराबर."

"मंग बरं," ते म्हणाले आणि उशीवर मागे टेकले. थोड्या वेळाने त्यांना झोप लागली. मी तिथेच बसून राहिले. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. लिंबं तोडणाऱ्यांवर, माझा शब्द खरा न मानणाऱ्या अख्ख्या गावावर, मामांवर सुद्धा. माझ्यासाठी कुणी एवढं चाललं नव्हतं, याआधी कधीच नाही. ते कळत होतं, आणि तरीही राग जात नव्हता. चार वर्षं मी नाही नाही म्हणत राहिले ते सगळं एका शब्दाने पुसलं गेलं होतं आणि तो शब्द माझाच होता.

सायकल मी परत आणली नाही. टायरवाल्याला सांगितलं, कुणाला हवी असेल तर देऊन टाक. कॉलेज उघडायच्या आत आम्ही गाडी घेतली. मामांची तब्येत चांगली आहे.